सहीपासून सुरुवात: पासष्टीनंतर गावच्या राजकारणात उतरलेल्या एका अंगणवाडी सेविकेचं प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या एका बागायती गावातलं आहे. गावाचं नाव दिलेलं नाही, माणसांची नावंही नाहीत. गावात सगळे त्यांना आक्का म्हणतात, इथंही तेच म्हटलं आहे. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे फिरवले आहेत, पण त्यांचा आपसातला हिशेब तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात सगळं त्या हिशेबावरच अडलं होतं. मी तालुक्यातल्या एका संस्थेत बचत गटांबरोबर काम करते. या कामात मी सुरुवातीपासून होते आणि त्यातल्या काही चुका माझ्या आहेत. त्याही लिहिल्या आहेत.

पार्श्वभूमी

आक्का 1987 मध्ये अंगणवाडीत लागल्या आणि 2021 मध्ये पासष्ट पुरी झाल्यावर निवृत्त झाल्या. चौतीस वर्षं. त्यांच्या भागातलं चाळिशीच्या आतलं जवळजवळ प्रत्येक माणूस त्यांनी कधी ना कधी वजनकाट्याच्या झोळीत घातलेलं आहे. कुणाच्या घरी चूल एकदाच पेटते, कोणती सून बाळंतपणाला गेली ती परत आलीच नाही, कुठली म्हातारी कधी गेली, हे त्यांना वही न उघडता सांगता येतं. बरीच वर्षं त्या मतदार यादीच्या कामाला बीएलओही (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) होत्या. अंगणवाडी सेविकेकडे हे काम सर्रास येतं.

या चौतीस वर्षांत त्या ग्रामसभेत एकदाही बोलल्या नव्हत्या. मतदान प्रत्येक वेळी केलं, पण "मालक सांगायचे तिकडं." मालक 2014 मध्ये वारले. नंतर भावकी सांगेल तिकडं. न बोलण्याचं कारण मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "मानधन, बाय. सेविका म्हंजे कुणाचीच नोकर न्हाई आन् सगळ्यांची नोकर. सरपंचानं नुसती चिठ्ठी लिवली तरी मुख्यसेविका चौकशीला दारात."

म्हातारपणी माणूस राजकारणात का पडतो याची उत्तरं लोक बहुधा दोन देतात: वेळ रिकामा असतो, किंवा अनुभव गाठीशी असतो. आक्कांच्या बाबतीत दोन्ही खरं होतं, पण त्याहून मोठं कारण म्हणजे धाक दाखवायला कुणाच्या हातात काही उरलं नव्हतं. मानधन बंद झालं होतं. नवरा नव्हता. लेकी नांदत्या घरी होत्या. सासू होऊन वीस वर्षं झालेल्या बाईनं पारावर बसलं तर कुणी वर मान करून विचारत नाही. सुनेला ही मोकळीक नसते. पुढं या फरकावर आम्हाला बरंच काही उभं करावं लागलं.

प्रश्न

गावचं देशी दारूचं दुकान पूर्वी हायवेला होतं. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महामार्गालगतची दारू दुकानं हटवण्याचा आदेश दिला आणि 1 एप्रिल 2017 पासून तो लागू झाला. अपघात कमी व्हावेत हा हेतू होता. आमच्या गावात त्याचा परिणाम असा झाला की दुकान हायवेवरून उठलं आणि वस्तीच्या तोंडाशी, अंगणवाडीकडं वळणाऱ्या रस्त्यावर आलं. मे 2020 मध्ये टाळेबंदी सैल होऊन दारूची दुकानं उघडली, तेव्हा रांग अंगणवाडीच्या भिंतीपर्यंत आली होती. अंगणवाडी बंद होती, आक्का पोषण आहाराची पाकिटं घरोघर पोचवत होत्या, आणि त्या रांगेतली निम्मी माणसं त्यांनी कधीकाळी काट्यावर घातलेली होती.

1 मे 2022 च्या ग्रामसभेत आक्कांचा निवृत्तीचा सत्कार ठेवला होता, करोनामुळं वर्षभर लांबलेला. शाल-श्रीफळ झालं, दोन शब्द बोला म्हणाले. आक्कांनी माईक घेतला आणि विचारलं, "दुकान गावात आणायचा ठराव कवा झाला?"

उत्तर लगेच आलं. "आक्का, ग्रामसभेनंच दिलाय की. तुमचीबी सही हाय त्यावर."

त्या खाली बसल्या. त्या दिवशी आणखी काही बोलल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्या आमच्या कार्यालयात आल्या आणि माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते विचारलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, साधा कागद. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, पहिलं अपील करावं लागलं, मग नोंदवहीच्या प्रती मिळाल्या. ठरावाखाली आक्कांची सही होती. नुसती त्यांचीच नव्हती. त्या पानावरच्या साठ-बासष्ट बायकांच्या सह्या त्यांनीच गोळा करून दिल्या होत्या.

हे कसं घडतं ते सांगायला हवं, कारण ते बऱ्याच गावांत घडतं. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यांतला कमी असेल तो आकडा लागतो. आमच्या गावात म्हणजे शंभर. शंभर माणसं ग्रामसभेला येत नाहीत. मग सभेनंतर शिपाई नोंदवही घेऊन फिरतो. बायकांच्या सह्या एका जागी मिळतात ती जागा म्हणजे अंगणवाडी, आहार न्यायला त्या तिथंच येतात. "भाऊसाहेबांनी (म्हणजे ग्रामसेवकांनी) सांगितलंय" म्हटलं की सेविका सह्या घेऊन ठेवते. ठराव वर कोरा असतो किंवा कुणी वाचत नाही.

आक्का म्हणाल्या, "म्हंजे दुकान मीच आणलं." मी त्यांना समजावत होते की असं नसतं, तुमचा काय दोष. आज मला वाटतं, मी ते बोलायला नको होतं. त्यांना दोष नको होता असं नाही. त्यांना तो स्वतःच्या हातानं फेडायचा होता, आणि पुढची तीन वर्षं त्या त्यावरच चालल्या.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पोरींना, म्हणजे गटातल्या तिशीच्या बायकांना आवडणारा होता: मोर्चा काढायचा, दुकानावर जायचं, बाटल्या फोडायच्या. फोटो येतात, दोन दिवस चर्चा होते. मात्र दुकान परवान्याचं होतं, त्यामुळं गुन्हा आमच्यावर झाला असता.

दुसरा, ग्रामसभेत उलटा ठराव करायचा. ठराव झाला तरी चालू परवाना त्यानं आपोआप रद्द होत नाही.

तिसरा पर्याय कायद्यातला. 2008 च्या शासन आदेशानुसार गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर सह्यांची पडताळणी होऊन जिल्हाधिकारी गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकान बंद.

इथं माझी पहिली चूक आहे. "निम्म्याहून जास्त" म्हणजे झालेल्या मतांच्या निम्म्याहून जास्त असं मी गृहीत धरलं. आदेशात यादीत नोंदलेल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त असं आहे. म्हणजे जी बाई घरी बसली, तिचं मत उभ्या बाटलीला. जी मुंबईला आहे, तिचंही. जी मेली आहे पण यादीत आहे, तिचंसुद्धा. हे मला उत्पादन शुल्क खात्याच्या निरीक्षकानं पडताळणीच्या दिवशी सांगितलं. तोवर आठ महिने गेले होते.

चौथा पर्याय कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण तो घरोघर होता: गप्प बसायचं. गावातल्या एका शिकलेल्या माणसानं बैठकीत येऊन सांगितलंही, की चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ला दारूबंदी केली आणि 2021 ला उठवावी लागली, तुमच्या एका गावानं काय होणार. प्रश्न चुकीचा नव्हता. आक्कांनी उत्तर दिलं, "मला जिल्ह्याचं ठावं न्हाई. माझी सही एकाच दुकानावर हाय."

कोण पुढं राहणार

15 ऑगस्ट 2022 च्या महिला सभेत ठराव झाला आणि तिसऱ्याच दिवशी आक्कांच्या घरी विषय पेटला. त्यांचा मुलगा ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याचं काम पाहतो, कंत्राटी. त्याचा पगार तीन महिने थांबला. कारण कुणी दिलं नाही. तो आईला म्हणाला, "आई, तुझं सगळं झालंय. आमचं अजून व्हायचंय."

हे वाक्य मी या प्रकरणातलं सगळ्यात खरं वाक्य मानते. म्हातारपणी मिळालेलं धाडस एकट्याचं नसतं. त्याची किंमत बरेचदा घरातल्या तरुण माणसाला मोजावी लागते, त्याला न विचारता. आक्का महिनाभर घराबाहेर पडल्या नाहीत. मी दोनदा गेले, चहा पिऊन परत आले.

मग त्यांनीच मार्ग काढला. अर्जावरच्या पहिल्या दहा सह्या कुणाच्या असाव्यात याची त्यांनी यादी केली. दोन अटी: वय साठीच्या वर, आणि घरातलं कुणीही ग्रामपंचायत, सोसायटी किंवा कारखान्याच्या पगारावर नको. दहा म्हाताऱ्या निघाल्या. एक निवृत्त परिचारिका, दोन माळकरी, एक जिचे दोन्ही मुलगे दारूनं गेलेले, बाकीच्या शेतमजूर. आक्कांची सही अकरावी.

यावर आमच्यात मतभेद झाला. एक सहकारी म्हणाली, आपण म्हाताऱ्यांना ढाल करतोय, पोलीस त्यांच्या अंगाला हात लावणार नाहीत म्हणून पुढं घालतोय. मला तेव्हा हा आक्षेप पटला नाही. नंतर पटला. कारण आम्ही त्यांना सह्यांना आणि फोटोला पुढं घातलं, पण बैठकीची वेळ ठेवली रात्री नऊची, तरुण बायकांच्या सोयीची. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सतरंजी होती, खुर्च्या सदस्यांना. जिन्याला कठडा नव्हता, बायकांना जायला मुतारी नव्हती. साखरेची गोळी घेणारी बाई तीन तास कशी बसेल? आक्का घरून प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन यायच्या. दोन महिन्यांनी पाच म्हाताऱ्यांनी आपापल्या खुर्च्या आणल्या, तेव्हा कुठं आमच्या डोक्यात प्रकाश पडला आणि बैठक दुपारी चार वाजता अंगणवाडीच्या ओट्यावर घ्यायला लागलो.

पहिला प्रयत्न

सह्या कुठं गोळा करायच्या? जानेवारी 2023, संक्रांतीचा महिना. पोरी म्हणाल्या, हळदीकुंकवाला सगळ्या एका ठिकाणी भेटतात. आक्का म्हणाल्या, "सगळ्या न्हाई." त्या स्वतः विधवा. गावातल्या साठीपुढच्या बायकांत निम्म्या विधवा, हळदीकुंकवाचं आमंत्रण त्यांना जात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता आणि सरकारनं इतर गावांना त्याचं अनुकरण करायला सांगितलं होतं. आमच्या गटानं ते वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या, आणि दोन घरांनी खरोखर आक्कांना बोलावलं, वाण दिलं. दोनच घरांनी. त्यामुळं सह्या घरोघर जाऊन घेतल्या.

गावात महिला मतदार 1,124. लागत होत्या 281 सह्या, मिळाल्या 402. पडताळणीत 339 टिकल्या. बऱ्याच सुना पडताळणीला आल्याच नाहीत.

मतदान जुलै 2023 च्या पहिल्या आठवड्यात लागलं. त्या वर्षी पाऊस लांबला होता, नुकता कुठं पडला होता, आणि सोयाबीनची टोकणी सुरू झाली होती. तारीख बदलून मागावी का, हा निर्णयाचा क्षण होता. आम्ही मागितली नाही, आता ढकललं तर पुन्हा कधी लागेल कोण जाणे, या भीतीनं. मतदानाच्या आदल्या रात्री गावातून देवदर्शनाच्या दोन फुकट गाड्या सुटल्या. कुणी सोडल्या ते सगळ्यांना माहीत होतं. उभ्या बाटलीचा प्रचार कुणी केलाच नाही, त्याची गरजही नव्हती.

शाळेत मतदान झालं. संध्याकाळी मोजणी: आडवी 521, उभी 74, बाद 18. सात आडव्यांना एक उभी. लागत होती 563. बेचाळीस मतं कमी पडली. दुकान चालू राहिलं आणि त्या रात्री फटाके वाजले.

मतदान करून जाणाऱ्या प्रत्येकीवर आम्ही यादीत खूण केली होती, तेवढं एक शहाणपणाचं काम आमच्या हातून झालं होतं. आठवड्यानं आक्का ती यादी घेऊन बसल्या. न आलेल्या 511. त्यांतल्या 38 वारलेल्या. 107 लग्न होऊन गेलेल्या लेकी. 90 मुंबई-पुण्याला. उरलेल्या 276 गावातच होत्या. त्यांत साठीच्या वरच्या अगदी थोड्या, अंथरुणाला खिळलेल्या. बाकी बहुतेक तिशी-चाळिशीच्या सुना.

वारलेल्या अडतीस जणींची नावं आक्कांना तोंडपाठ होती. बीएलओ असताना त्यांनीच ती यादीत ठेवली होती. नाव काढायला गेलं की घरातले म्हणायचे, राहू दे की आक्का, नाव तरी राहू दे. मृत्यूचा दाखला कुणी काढून द्यायचं नाही. त्या भिडेनं राहू द्यायच्या. आता एकेक नाव वाचताना त्या नुसत्या बोट फिरवत होत्या. या वेळी मी त्यांना समजावलं नाही.

यादीचं काम

पुढचं दीड वर्ष ज्या कामात गेलं त्याचा एकही फोटो नाही. माझ्या मते प्रकरणाचा गाभा तोच आहे.

2023 च्या हिवाळ्यात मतदार यादी पुनरीक्षणाचं काम निघालं. वारलेल्यांची आणि गेलेल्यांची नावं काढायला सात नंबरचा अर्ज, नवीन नाव घालायला सहा नंबरचा, पत्ता बदलून आलेल्यांना आठ नंबरचा. आक्का, ती निवृत्त परिचारिका आणि आणखी तिघी रोज दहा घरं करायच्या. जन्म-मृत्यूच्या नोंदी परिचारिकाबाईंना माहीत, घरं आक्कांना माहीत. 31 मृतांची नावं निघाली, सात जणींचे दाखले मिळालेच नाहीत.

लेकींच्या नावांवर मात्र काम अडलं, आणि ते का अडलं हे कळलं तेव्हा आक्कांना गावचं राजकारण खऱ्या अर्थानं उमगलं असं मला वाटतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेल सासरी गेलेल्या लेकींना गाडी पाठवून मतदानाला आणतात. घासून होणाऱ्या वॉर्डात त्यावर निकाल फिरतो. यादी अस्वच्छ राहण्यात दोन्ही बाजूंचा फायदा, म्हणून एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं या बाबतीत एक झाली. "लेकीचं माहेर तोडता का?" असा प्रचार सुरू झाला आणि तो लागला.

गटातल्या पोरी म्हणाल्या, मग आपणही आणू. नागपंचमीला माहेरवाशिणी येतातच, तारीख तेवढी जुळवून घेऊ, शंभर मतं कुठं गेली नाहीत. मलाही ते पटलं होतं, उघड सांगते. आक्कांनी नकार दिला. राहते ठिकाणी नाव हवं हा नियम त्यांनी बीएलओच्या प्रशिक्षणात वीस वेळा ऐकला होता आणि वीस वेळा मोडला होता. "मी पुन्यांदा खोट्या कागदावर काय उभं करणार न्हाई." 58 लेकींनी स्वतः अर्ज दिले, बाहेरगावी राहणाऱ्या नऊ जणींनीही. बाकीच्यांची नावं राहिली.

याहून अवघड प्रश्न पुढं आला. लग्न होऊन आलेल्या 26 सुनांची नावं यादीत नव्हती. हिशेब सरळ होता: नावं कमी झाली की लागणारा आकडा उतरतो, नवीन घातली की चढतो. 1,124 मधून 98 गेली, राहिली 1,026, म्हणजे 514 पुरेत. मागच्या वेळचीच 521 पडली तरी जिंकलो. सव्वीस सुना घातल्या की यादी 1,052, लागणार 527. मागच्या मतांत सहा कमी. वर या सुना मतदानाला बाहेर पडतील याची खात्री नाही, मागच्या वेळी याच वयाच्या घरात राहिल्या होत्या.

बैठकीत बहुमत नावं न घालण्याच्या बाजूचं होतं. दुकान बंद झाल्यावर घालू, कुठं पळून जातात. पहिल्या सह्या करणाऱ्या दहा म्हाताऱ्यांतल्या सहा जणी आक्कांच्या विरोधात बोलल्या. आक्कांचं म्हणणं एवढंच होतं, की रोज रात्री ज्या पोरीला मार खावा लागतो तिलाच यादीतून बाहेर ठेवून दुकान बंद करायचं, आणि मग तिला सांगायचं की तुझ्यासाठी केलं? दोन तास भांडण झालं. शेवटी सव्वीसही नावं घालायची ठरली. मतं मोजून ठरलं नाही, आक्कांनी दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज घेऊन घरं करायला सुरुवात केली आणि बाकीच्या मागून गेल्या. हे काही लोकशाहीला धरून झालं नाही. निर्णय मला पटतो, पद्धत पटत नाही.

2024 साल आचारसंहितेत गेलं, मे महिन्यात लोकसभा, नोव्हेंबरमध्ये विधानसभा. मधे जुलैत लाडकी बहीण योजना आली. वयाची मर्यादा 65, आक्का 68 च्या. स्वतःला एक पैसा मिळणार नसताना त्यांनी ओट्यावर बसून दीडशेवर बायकांचे अर्ज भरले. त्या अर्जांसाठी प्रत्येकीचं मतदार कार्ड, रेशन कार्ड बाहेर आलं, आणि ज्या सुनांच्या घरात आम्हाला उंबऱ्यातून परत पाठवत होते त्याच सुना सासऱ्याच्या परवानगीनं ओट्यावर येऊन अर्धा-अर्धा तास बसल्या. विधानसभेच्या तोंडावर दोन पक्षांची माणसं आक्कांच्या घरी येऊन गेली. तालुक्याचं महिला आघाडीचं पद देतो म्हणाले. मुलाची नोकरी पक्की होण्याचा विषयही निघाला. त्यांनी पद घेतलं नाही. मुलासाठी घ्यावं का, हे मात्र त्यांनी मला तीन वेळा विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही.

निकाल आणि त्यानंतर

दुसरं मतदान फेब्रुवारी 2025 मध्ये झालं. या वेळी तारीख आधी बोलून घेतली होती, ऊसतोडीच्या टोळ्या आणि गावची जत्रा दोन्ही बघून. मागच्या वेळी न आलेल्या 276 पैकी प्रत्येकीमागं एक म्हातारी नेमून दिली होती, शक्यतो तिची सासू किंवा चुलतसासू. सासूनं सुनेला मतदानाला घेऊन जायचं म्हटल्यावर घरातला पुरुष अडवू शकत नाही.

आडवी 566, उभी 61, बाद 9. लागत होती 527. दुकानाला सील लागलं.

दारू संपली का? नाही. दोन महिन्यांत एसटी स्टँडजवळच्या एका टपरीवरून क्वार्टर मिळायला लागली, जास्त पैसे मोजून. पिणारे काही हायवेच्या पलीकडच्या गावाला जातात आणि रात्री मोटारसायकलवरून परत येतात. मे महिन्यात एक जण असाच पडला आणि गेला. त्याच्या बायकोनं आडवीला मत दिलं होतं. ती आक्कांना भेटायला आली नाही, आक्काच गेल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. दुसरीकडे, वस्तीच्या रस्त्यानं संध्याकाळी सातनंतर पोरी क्लासवरून एकट्या येतात, हेही खरं. दोन्ही एकाच निर्णयातून आलं आहे आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही.

मुलगा अजून कंत्राटीच आहे. तो आता आईशी बोलतो, या विषयावर नाही. आक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन लांबवलेलं आहे. ग्रामसभेची नोंदवही कार्यालयाबाहेर जाऊ द्यायची नाही यावर त्या अडून बसल्या आहेत, आणि त्यामुळं गेल्या दोन ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्या. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळं ठराव तीस माणसांत होतात. पण ते तीस जण तरी प्रत्यक्ष बसलेले असतात.

काय वेगळं करता आलं असतं

आदेश पहिल्याच दिवशी नीट वाचायला हवा होता. यादीचं काम आधी आणि सह्या नंतर, हा क्रम असता तर एक वेळचा पराभव आणि दीड वर्ष वाचलं असतं.

मुलाशी आधी बोलायला हवं होतं. आक्कांच्या धाडसाचं आम्ही कौतुक करत राहिलो आणि त्यांच्या घरातल्या पगाराचा विचार पगार थांबल्यावर केला. आता आम्ही अशा कामात उतरणाऱ्या प्रत्येक वयस्क बाईला पहिला प्रश्न विचारतो, तुमच्या घरातलं कोण कुणाच्या पगारावर आहे?

पहिल्या मतदानाआधीच्या एका सभेत आक्कांनी पिणाऱ्या पाच जणांची नावं माईकवर घेतली होती. लहानपणापासून बघितलेली पोरं, हक्कानं बोलल्या. त्यातल्या दोघांच्या बायका मतदानाला आल्या नाहीत, लाजेनं. वयाचा हा अधिकार आहे असं आम्हालाही तेव्हा वाटलं होतं आणि कुणी थांबवलं नाही.

सर्वांत मोठी गोष्ट शेवटी लिहिते आहे, कारण मला ती सर्वांत शेवटी कळली. या प्रकरणाची सुरुवात 1 मे 2022 ला झाली असं मी वर मांडलं आहे, आणि आम्ही सगळीकडे तसंच सांगत आलो. माहिती अधिकारात आलेल्या कागदांत 2018 चा एक अर्ज होता. दुकान हलवा म्हणून वस्तीतल्या अकरा बायकांनी दिलेला. सहा सह्या, पाच अंगठे. त्यावर आवक क्रमांक आहे, उत्तर नाही. त्या बायकांतल्या तिघी आता हयात नाहीत. त्या अर्जावर सही करा म्हणून त्या तेव्हा अंगणवाडीतही आल्या होत्या, आणि आक्कांनी मानधनाचं कारण सांगून त्यांना परत पाठवलं होतं. वस्तीतल्या बायका पन्नास वर्षं अर्ज देतायत, त्यांना म्हातारपणाची वाट बघावी लागली नव्हती. आमच्या पहिल्या दहा सह्यांत वस्तीतली एकच बाई होती. दुसऱ्या मतदानाच्या वेळी तिथल्या 84 पैकी 79 जणी रांगेत होत्या, सकाळी आठलाच.

तो अर्ज आता आक्कांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावलेला आहे. टपरीविरुद्धची तक्रार त्यांनी गेल्या महिन्यात दिली, तिच्यावर पहिली सही त्या अकरा जणींतल्या एकीची आहे आणि दुसरी आक्कांची. पोलीस ठाण्यातून अजून उत्तर आलेलं नाही.